प्रवासापूर्वीची आरोग्यतपासणी आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी : कोकणातील वाचकांचे नेहमीचे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत राहणाऱ्या, इथून बोटीवर, आखाती देशांत किंवा हज-उमऱ्यासाठी जाणाऱ्या आणि सुट्टीत किनाऱ्यावर येणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. दोन्ही विषयांत सल्ल्याइतकेच महत्त्व वेळेला आहे: लस प्रवासाच्या किती दिवस आधी घ्यायची आणि गोळी किती तासांच्या आत घ्यायची, हे चुकले तर बाकीची माहिती फारशी उपयोगी पडत नाही. ज्यांना आत्ता, याच क्षणी उत्तर हवे आहे त्यांचे प्रश्न म्हणूनच आधी घेतले आहेत.

काल रात्री कंडोम फाटला. आता नेमके काय करावे?

लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम ही एकच गोळी शक्य तितक्या लवकर, पाण्याबरोबर घ्यावी. आय-पिल, अनवाँटेड-७२ अशा नावांनी ती मेडिकलमध्ये मिळते. मोठ्या खोक्यात एकच छोटी गोळी निघाली तर काही राहून गेले असे समजू नये. पूर्ण मात्रा तेवढीच असते. तिची मुदत ७२ तासांची सांगितली जाते, परंतु पहिल्या तासापासून एकाहत्तराव्या तासापर्यंत ती सारखीच लागू पडते असा त्याचा अर्थ नाही. जितका उशीर होईल तितका परिणाम कमी होतो. समजा शनिवारी रात्री अकरा वाजता तारकर्लीला संबंध आला, तर ७२ तास मंगळवारी रात्री अकराला संपतात. पण रविवारी सकाळी मालवणात दुकान उघडताच घेतलेली गोळी आणि मुंबईला परतून मंगळवारी संध्याकाळी घेतलेली गोळी यांत मोठा फरक आहे. उपाशीपोटी घेतली तरी चालते, त्यामुळे जेवणासाठी थांबू नये.

ही गोळी शरीरात काय करते? हा गर्भपात आहे का?

नाही. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याची वेळ ही गोळी पुढे ढकलते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात साधारण पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते आणि तेवढ्या काळात त्याला स्त्रीबीज भेटू नये, एवढेच तिचे काम असते. बीज आधीच बाहेर पडलेले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि लवकर घेण्याचा आग्रह धरण्यामागचे खरे कारण हेच आहे. दिवस आधीच राहिलेले असतील तर ही गोळी गर्भ पाडत नाही आणि त्या गर्भाला अपायही करत नाही.

गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, पूर्णपणे वेगळी आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणे बेकायदा आहे आणि देखरेखीशिवाय घेणे जिवावर बेतू शकते. मेडिकलमध्ये घाईने आणि हळू आवाजात 'ती गोळी द्या' म्हटल्याने भलतेच औषध हाती पडू शकते. म्हणून नाव कागदावर लिहून न्यावे आणि खोक्यावर 'लेव्होनॉरजेस्ट्रेल' वाचून मगच पैसे द्यावेत.

आमच्या गावात एकच मेडिकल आहे आणि मालक वडिलांच्या ओळखीचे. मी काय करू?

ही अडचण कोकणात खरी आहे आणि तिला हसण्यासारखे काही नाही. ही गोळी घेण्यासाठी चिठ्ठी लागत नाही, आधार कार्ड लागत नाही आणि लग्न झाले आहे का हे विचारण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. गोळी घेण्यासाठी स्त्रीने स्वतःच गेले पाहिजे असेही नाही. जोडीदार, बहीण, मैत्रीण कोणीही आणू शकते. आमच्या मते हे काम जोडीदाराने करावे, कारण काउंटरवर बघणाऱ्यांच्या नजरा सोसण्याची पाळी बहुतेक वेळा एकट्या मुलीवरच येते.

दुसरा मार्ग म्हणजे शेजारचे तालुक्याचे गाव किंवा एस.टी. स्थानकाजवळचे मोठे मेडिकल. इथल्या बऱ्याच गावांत दुकाने दुपारी बंद असतात, हे लक्षात ठेवून सकाळीच निघावे. तिसरा मार्ग सरकारी आहे. 'ईझी पिल' या नावाने हीच गोळी आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेली असते. आशाताई गावातल्याच असल्याने काहींना संकोच वाटतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून थेट स्त्रीरोग विभागात गेल्यास गर्दीत कोणी फारसे लक्ष देत नाही. शोधाशोधीत दीड दिवस घालवण्यापेक्षा ओळखीच्या दुकानात पाच मिनिटांचा संकोच सोसणे परवडते, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

७२ तास उलटून गेले. आता काहीच करता येणार नाही का?

येते. संबंधानंतर पाच दिवसांच्या म्हणजे १२० तासांच्या आत तांबी बसवून घेता येते. वरच्या उदाहरणात ही मुदत गुरुवारी रात्री अकरापर्यंत जाते. तातडीच्या सर्व उपायांत तांबी सर्वांत खात्रीची आहे, तिचे यश ९९ टक्क्यांहून अधिक आहे आणि पुढे राहू दिली तर ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षे, तर ३७५ प्रकारची पाच वर्षे काम देते. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य बसवतात. मूल न झालेल्या स्त्रीलाही ती बसवता येते. 'पहिलटकरणीला तांबी नको' हा समज जुना आहे. ओटीपोटात किंवा गर्भाशयात जंतुसंसर्ग असल्यास मात्र ती त्या वेळी बसवत नाहीत.

युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम ही आणखी एक गोळी १२० तासांपर्यंत चालते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असते आणि लहान गावात मिळेल या भरवशावर राहू नये. ७२ तासांनंतर लेव्होनॉरजेस्ट्रेलचाही थोडा उपयोग होऊ शकतो, म्हणून दुसरे काहीच हाताशी नसेल तर ती घेऊन मग तांबीसाठी रुग्णालय गाठावे.

गोळी घेतली आणि घाटात गाडी लागून उलटी झाली. पुन्हा घ्यावी का?

गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली असेल तर दुसरी गोळी घ्यावी. त्यानंतर झाली असेल तर गरज नाही. आंबोली, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरायचा-चढायचा असेल, अथवा समुद्रात जाऊन बोट लागण्याची सवय असेल, तर गोळी प्रवासाच्या दोन-तीन तास आधी घेता येते का ते पाहावे. मात्र तेवढ्यासाठी ती अर्धा दिवस लांबवू नये. उलटी थांबवण्याचे किंवा गाडी लागू नये म्हणून घ्यायचे नेहमीचे औषध या गोळीबरोबर घेतले तरी चालते. दारूने गोळीचा परिणाम कमी होत नाही, परंतु दारूमुळे उलटी झाली तर गोळी बाहेर पडते.

दुसरी औषधे चालू असतील तर?

क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन, फिट येण्याच्या विकारावरील कार्बामॅझेपिन व फेनिटॉइन, एचआयव्हीवरील एफाविरेन्झ या औषधांमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. ही औषधे चालू असतील किंवा गेल्या महिन्याभरात बंद केली असतील तर तांबी हा चांगला पर्याय आहे; ती शक्य नसल्यास डॉक्टर दुप्पट मात्रा सुचवतात. वजन बरेच जास्त असल्यास, साधारण ७० किलोंच्या पुढे, गोळी कमी लागू पडण्याची शक्यता असते आणि तेव्हाही हाच सल्ला लागू होतो.

पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. तिचा या गोळीवर काहीही परिणाम होत नाही. मात्र दिवस राहिल्याची शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन घेण्यापूर्वी आरोग्यसेविकेला तसे सांगावे.

पुढची पाळी कधी येईल? गोळी लागू पडली हे कसे कळेल?

पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते. मधल्या काळात थोडे रक्त दिसणे, मळमळ, डोके दुखणे, स्तन दुखरे होणे, थकवा येणे हे सारे एक-दोन दिवसांत ओसरते. अपेक्षित तारखेपेक्षा पाळी सात दिवसांहून अधिक लांबली, नेहमीपेक्षा फारच कमी रक्तस्राव झाला, किंवा संबंधाला तीन आठवडे होऊनही पाळी आली नाही, तर लघवीची गर्भतपासणी करावी. 'निश्चय' हे तपासणीचे किट आशाताईंकडे विनामूल्य मिळते. योग्य वेळी गोळी घेऊनही शंभरांत एखाद-दुसरीला दिवस राहतात, म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवणे आवश्यक आहे.

तपासणीत दिवस राहिल्याचे दिसले आणि गर्भ नको असेल तर वेळ न दवडता मान्यताप्राप्त केंद्रात जावे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला असून, गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याच्या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो आणि त्यासाठी स्त्री विवाहित असण्याची अट राहिलेली नाही.

एका महिन्यात दोनदा घेतली तर वांझपण येते का?

येत नाही. पाळीचे वेळापत्रक मात्र बिघडते, आणि नियमित साधनांच्या तुलनेत ही गोळी कमी भरवशाची आहे. शिवाय ती घेतल्यानंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण मिळत नाही. बीज पुढे ढकलले गेल्यामुळे नंतरचेच दिवस अधिक धोक्याचे ठरू शकतात. त्यामुळे गोळी घेतलेल्या दिवसापासून कंडोम वापरावा. माला-एन सारखी रोजची गोळी लगेच सुरू करता येते, पहिले सात दिवस जोडीला कंडोम ठेवावा. युलिप्रिस्टल घेतली असेल तर रोजची गोळी पाच दिवसांनी सुरू करावी. यांपैकी कोणतीही गोळी लैंगिक आजारांपासून वाचवत नाही.

बाळ अंगावर पिते आहे. गोळी चालेल का?

लेव्होनॉरजेस्ट्रेल चालते आणि पाजणे थांबवण्याची गरज नाही. बाळंतपणाला २१ दिवस झालेले नसतील तर गोळीची गरजच नसते.

गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत. मग दिवस राहण्याची भीती नाही ना?

भीती आहे, आणि या गैरसमजातून दरवर्षी अनेकींची फसगत होते. पाळी लांबवण्यासाठी देतात ते नॉरएथिस्टेरॉन, साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. या प्रकारे घेतलेले नॉरएथिस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. चाकरमानी मंडळी चतुर्थीला घरी येतात, घरात माणसे मावत नाहीत, आणि तरी महिनोन्महिने दूर असलेले जोडपे एकत्र येते. नेमक्या त्याच दिवसांत पत्नी 'मी गोळ्या घेते आहे' या समजुतीत असते. विसर्जनानंतर गोळ्या थांबवूनही आठवड्याभरात पाळी आली नाही तर गर्भतपासणी करावी.

पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. जावेला दिल्या म्हणून मलाही द्या, हा प्रकार टाळावा. आरतीला उभे राहायचे की नाही हा प्रत्येकीचा आणि तिच्या घरचा प्रश्न आहे. त्यासाठी औषध घ्यावेच लागते असे मात्र वैद्यकशास्त्र सांगत नाही.

प्रवासाचा दवाखाना म्हणजे काय? कोकणात तो कुठे आहे?

परदेशी जाण्यापूर्वी त्या देशातील आजार, लसी आणि आपली नेहमीची औषधे यांचा एकत्रित विचार करणारा दवाखाना म्हणजे ट्रॅव्हल क्लिनिक. अशी पाटी आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसेल. ती मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत आढळते. पण त्यातील बहुतेक कामे आपले नेहमीचे फिजिशियन किंवा अलिबाग, रत्नागिरी व ओरोस येथील जिल्हा पातळीवरची सरकारी रुग्णालये करू शकतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए व बी, धनुर्वात यांच्या लसींसाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही.

जाण्याच्या चार ते सहा आठवडे आधी भेट घ्यावी, कारण काही लसींचे दोन डोस लागतात. जाताना पासपोर्ट, जुनी लसपत्रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, ॲलर्जीची माहिती आणि स्त्रियांनी शेवटच्या पाळीची तारीख न्यावी. प्रवासाचा मार्गही सांगावा. जहाज मध्ये कोणत्या बंदराला लागणार आहे त्यावरून लस बदलते.

बोटीवर जाणाऱ्यांना पीतज्वराची लस कुठे मिळते?

ही लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांतच घेता येते. आपल्याला सोयीची केंद्रे म्हणजे मुंबईतील बंदर आरोग्य कार्यालय आणि दक्षिणेकडच्यांसाठी गोव्यातील मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय. लसीकरणाचे वार ठरलेले असतात, म्हणून आधी चौकशी करून नोंदणी करावी. नाहीतर कणकवलीहून रात्रीची गाडी पकडून गेलेला माणूस हात हलवत परत येतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

दवाखान्यात 'दिवस आहेत का, मूल हवे आहे का' असे का विचारतात?

पीतज्वर, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्या गरोदरपणात सहसा देत नाहीत आणि घेतल्यानंतर चार आठवडे दिवस राहू देऊ नयेत असा सल्ला देतात. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा प्रायमाक्वीन द्यायचे असेल तरीही हाच प्रश्न येतो. तेव्हा हा प्रश्न चौकशीखोरपणाचा नाही. याच भेटीत गर्भनिरोधकाचा विषय आपणहून काढावा आणि तातडीची एक गोळी सोबत ठेवण्याविषयी विचारावे. लस आणि ही गोळी एकमेकींच्या आड येत नाहीत. नकळत गरोदरपणात अशी लस घेतली गेली, तर केवळ तेवढ्यावरून गर्भपात करावा लागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पती सहा-आठ महिन्यांनी बोटीवरून येतात. मधल्या काळात गर्भनिरोधक कशाला घ्यायचे?

असा विचार करून साधन बंद केले जाते आणि पती साइन ऑफ होऊन अचानक दारात उभे राहतात. तांबी असलेल्या स्त्रीला याची काळजीच नसते, म्हणून मूल होऊन गेलेल्या जोडप्यांना आम्ही आधी तीच सुचवू. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यावे लागते. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा अशी असते, ती पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची असल्याने पतीच्या येण्याची तारीख कळताच आधीच्या पाळीपासून ती घ्यावी. माला-एन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केल्यास लगेच संरक्षण मिळते.

ब्राझीलसारख्या झिका विषाणू असलेल्या देशांच्या बंदरांत उतरून आलेल्या पुरुषांनी परतल्यावर तीन महिने कंडोम वापरावा, कारण हा विषाणू वीर्यात टिकतो आणि गर्भातील बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. हे माहीत नसल्याने पत्नी मूल होण्याची वाट पाहत असलेल्या घरांत त्याची सर्वांत जास्त हेळसांड होते.

गोळ्या परदेशी नेताना काय काळजी घ्यावी?

मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत न्याव्यात. आखाती देशांत औषधांचे नियम कडक आहेत; कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांवरून प्रवासी अडचणीत येतात, म्हणून संपूर्ण यादीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. रोजची गोळी घेणाऱ्यांनी देश बदलला तरी दोन गोळ्यांमध्ये २४ तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. मे महिन्यात बंद गाडीत गोळ्या ठेवू नयेत.

हजला जाणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे काही आहे का?

मेंदूज्वराची चार प्रकारांवरील लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. पाळी लांबवण्याची गोळी हवी असल्यास ती याच भेटीत, रक्तदाब तपासून घ्यावी. लांबचा विमानप्रवास आणि पूर्वीची गुठळी असे दोन्ही असतील तर ती टाळावी.

बळजबरी झाली असेल तर?

कोणत्याही सरकारी किंवा खाजगी रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांत तक्रार नोंदवून या, असे त्यांना म्हणता येत नाही. तिथे तातडीची गर्भनिरोधक गोळी द्यावी लागते. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. शक्य असल्यास तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत आणि ते कागदात गुंडाळून न्यावेत. आंघोळ झाली असेल तरी जावे, उपचार नाकारले जात नाहीत.

मुलगी १८ वर्षांखालील असेल तर संमतीने संबंध आला असला तरी पॉक्सो कायद्यानुसार रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते; त्या कारणाने उपचार मात्र थांबत नाहीत. गर्भपाताच्या बाबतीत मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना देण्याच्या माहितीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

गोळी घेतल्यानंतर कधी थेट रुग्णालयात जावे?

तीन ते पाच आठवड्यांनी ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र दुखू लागले, चक्कर आली किंवा खांद्याकडे कळ गेली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी घरी शेकत बसू नये, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला घेतली ते डॉक्टरांना सांगावे. परदेशातून परतल्यावर ताप आला तर, तो साधा वाटला तरी, कोणत्या देशात होतो आणि केव्हा परतलो हे तपासणीच्या पहिल्याच वाक्यात सांगावे. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.